बडोद्याचं हवामान वाचायचं तर आधी वारा विचारा

फोनवर ढगाचं चित्र आणि त्याखाली ‘४० टक्के’ दिसलं की दांडिया बाजारातल्या निम्म्या अगाश्यांवरचे कपडे आत जातात. उरलेल्या घरांत त्या चित्राकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. मला यातलं काहीच परवडत नाही. मी घरगुती पापड, कुरडया, चिकवड्या, सांडगे करते, उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करून देते. मदतीला येणाऱ्या बायकांना आदल्या रात्रीच सांगावं लागतं, उद्या या की नका येऊ. आणि कुरडयांचे गहू एकदा भिजत घातले की तिसऱ्या दिवशी चीक काढायचाच असतो, तेव्हा आभाळ भरून आलंय म्हणून गहू थांबत नाहीत. म्हणून हवामानाचा अंदाज हा माझ्या धंद्याचाच भाग आहे.

पुण्या-मुंबईहून बदली होऊन किंवा लग्न होऊन इकडे आलेल्या पुष्कळ जणी मला विचारतात, ‘मावशी, इथलं काही समजतच नाही हो.’ हे लिहिलंय ते त्यांच्यासाठी. मुरलेले बडोदेकर वाचून चुका काढतील, त्यांनी खुशाल काढाव्यात.

समुद्र दिसत नाही, पण आहे

बडोदं समुद्रकाठी नाही. पण खंभातचं आखात इथून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. कावी-कंबोईला स्तंभेश्वर महादेवाच्या दर्शनाला गेला असाल तर भरतीला सगळं देऊळ पाण्याखाली जाताना पाहिलं असेल. आखाताची भरती-ओहोटी देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी आहे. आपण आणि ते पाणी यांच्यामध्ये ना सह्याद्री ना टेकडी, नुसती सपाट जमीन. शहर समुद्रसपाटीपासून चाळीसेक मीटर उंचीवर. पुणेकरांना घाटामुळे समुद्र अडवला जाण्याची सवय असते, मुंबईकरांना तो कायम उशाशी असण्याची. इथे दोन्ही नाही. वारा फिरला की समुद्राची हवा घरात येते, परत फिरला की राजस्थानची.

म्हणून ‘आज किती डिग्री’ हा प्रश्न इथे दुसरा. पहिला प्रश्न, वारा कुठून आहे?

वायव्येचा किंवा उत्तरेचा वारा म्हणजे राजस्थानची कोरडी हवा. मे महिन्यात ती भाजून काढते, जानेवारीत कुडकुडवते, पण कोरडी दोन्हीकडे. नैऋत्येचा किंवा पश्चिमेचा वारा आखातावरून, अरबी समुद्रावरून येतो, तो दमट. पावसाळ्यात वारा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून यायला लागला तर कान टवकारायचे, कारण मध्य प्रदेशाकडून काहीतरी निघालेलं असण्याची शक्यता असते. आणि दक्षिणेकडे सुरत-भरूच, तिकडून मान्सून वर सरकतो.

अंदाजात ‘नैऋत्य वारा’ लिहिलेलं असतं ते वारा जिथून येतो ती दिशा. नव्या माणसाचा इथेच घोळ होतो, कारण ‘विंडी’सारख्या ॲपवर रेघा वाहताना दिसतात त्या वारा जातो तिकडे. ॲप नसलं तरी अडत नाही. जवळच्या देवळावरचा झेंडा सकाळी सातला, दुपारी दोनला आणि संध्याकाळी सहाला बघा. आठ दिवस असं केलंत की दिशा डोक्यात बसते. झेंडा उंचावरचा हवा. गल्लीत वारा भिंतींना आपटून कुठेही वळतो, तिथे उदबत्ती धरून काही कळत नाही.

दवबिंदू, टक्केवारी नव्हे

दुसरी गोष्ट म्हणजे दवबिंदू, हवा जितकी गार झाली की दव पडायला लागतं ते तापमान. फोनमध्ये आर्द्रतेच्या टक्क्यांखाली हा आकडा बहुतेक ॲपवर असतो, कोणी उघडून बघत नाही. माझ्या मते सगळ्यात कामाचा आकडा हाच.

आर्द्रतेची टक्केवारी फसवी असते. समजा एप्रिलमधला दिवस आहे, दवबिंदू १८. सकाळी तापमान २५ असताना आर्द्रता ६५ टक्के दिसेल आणि बाई घाबरून म्हणेल, आज दमट आहे, राहू दे. त्याच दिवशी दुपारी ४० डिग्रीला तीच आर्द्रता २८ टक्क्यांवर येते. हवेतलं पाणी मात्र तेवढंच आहे! हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद वाढते, म्हणून टक्का खाली येतो. दवबिंदू मात्र हवेत खरोखर किती पाणी आहे तेच सांगतो. तो दिवसभरात एकदम वर गेला तर समजायचं, हवा बदलली, समुद्राची आली.

माझे आकडे असे आहेत. दवबिंदू १६ च्या खाली असला तर डोळे मिटून वाळवण घाला. १६ ते २० चालतं, वेळ जास्त लागतो. २० च्या वर गेला की मी चिकवड्या आणि बटाट्याचा कीस एवढंच घेते, कुरडया नाही. २४ च्या वर वरून कुरकुरीत दिसतं पण आतून ओलं राहतं, आणि डबा भरून ठेवला की महिन्याभरात बुरशी. अंगालाही हेच लागू. ३६ डिग्री आणि दवबिंदू २५ असलेला जूनचा दिवस, ४१ डिग्री आणि दवबिंदू १५ असलेल्या एप्रिलच्या दिवसापेक्षा जास्त जीव काढतो, कारण घाम वाळतच नाही. याला इथे सगळे बफारा म्हणतात, आपणही तेच म्हणायला लागतो.

फेब्रुवारी ते मे

उडदाचे पापड फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. त्यांना कडक ऊन चालत नाही, तडकतात. कोवळं ऊन किंवा नुसता सावलीतला कोरडा वारा हवा, आणि त्या दिवसांत उत्तरेकडचा वारा अजून टिकून असतो. कुरडया, चिकवड्या, साबुदाण्याच्या पापड्या एप्रिलमध्ये. मिरच्या, धने, हळकुंडं एप्रिल ते मेचा पहिला पंधरवडा. माझ्याकडे २० मेनंतर नवीन काही घ्यायचं नाही असा नियमच आहे. मेच्या उत्तरार्धात नैऋत्येचा वारा जोर धरतो. दुपारचा पारा तेवढाच किंवा एखाद-दुसरा डिग्री खाली, पण दवबिंदू चढायला लागलेला असतो. पेपरात ‘तापमानात घट, नागरिकांना दिलासा’ असं छापून येतं. दिलासा कसला, रात्रभर पंख्याखाली चिकचिक.

एप्रिल-मेमध्येही संध्याकाळकडे लक्ष ठेवा. दिवसभर जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि आखातावरची गार हवा आत ओढली जाते. ती साठ किलोमीटर चालून आपल्यापर्यंत येईपर्यंत संध्याकाळ होते. झेंडा नैऋत्येकडून फडफडायला लागला की अगाशीवर खुर्च्या टाकून बसायला छान, पण त्याच्या आधी वाळवण खाली आलं पाहिजे. दिवसभर वाळलेलं संध्याकाळी पुन्हा सर्दावतं. मी पाचच्या ठोक्याला गोळा करते, मग ऊन कितीही दिसो.

उष्णतेच्या लाटेबद्दल थोडं. नुसतं ४२ झालं म्हणून हवामान खातं लाट म्हणत नाही. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० हवं आणि ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार डिग्री तरी जास्त हवं, किंवा मग थेट ४५ गाठलेलं हवं. मेमध्ये इथली सरासरीच ४०-४१ असते, म्हणून इशारा नसतानाही उन्हाचा त्रास होऊ शकतो. मी कमाल आकड्याबरोबर रात्रीचं किमानही बघते. ते २८-२९ च्या खाली उतरत नसेल तर घराच्या भिंती रात्रीतून थंड होत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना आणि भट्टीपुढे उभ्या असणाऱ्यांना जपायला हवं. त्या दिवसांत आमचा चीक पहाटे चारला शिजतो.

मान्सून मुंबईत आला म्हणजे इथे आला नाही

केरळात १ जून, मुंबईत ११ जून, गुजरातच्या दक्षिण टोकाला १५ जूनच्या आसपास, आणि बडोद्याला जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. ही मान्सूनची साधारण चाल. पण मधल्या अंतरावर भरवसा ठेवू नका. २०२५ मध्ये मान्सून मुंबईत २६ मेला पोचला, आजवरच्या नोंदीत सगळ्यात लवकर. दादर-ठाण्याच्या नातेवाइकांचे भिजलेले फोटो बघून इकडे सगळ्यांनी छत्र्या काढल्या. गुजरातेत तो आला १६ जूनला. तीन आठवडे वाटेत बसून होता.

मान्सूनपूर्व पाऊस आणि खरा मान्सून यांतला फरक सोपा आहे. दुपारभर तापलं, चारला काळोख झाला, धुळीचं वादळ, गडगडाट, वीसेक मिनिटं आडवा पाऊस आणि मग गार वारा, हा मान्सून नव्हे. अशा दिवशी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप चालू ठेवा. आपल्या वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज पडते आहे का ते दाखवतं. अगाशीवर ताडपत्री बांधायला धावण्याआधी ते बघायचं, कारण विजेच्या वेळी अगाशी ही घरातली सगळ्यात वाईट जागा. खरा मान्सून आला की वारा दिवसरात्र नैऋत्येचा, खालचे ढग भराभर ईशान्येकडे पळताना दिसतात, आणि सकाळ-दुपार असा भेद न ठेवता सरी येतात. रात्रीही दवबिंदू २४-२५ च्या खाली येत नाही.

नक्षत्रांचं विचाराल तर ७-८ जूनचं मृग आपल्या आजोळच्या खानदेशाला, मराठवाड्याला जुळतं. बडोद्याला आर्द्रा, म्हणजे २१-२२ जून, जास्त जवळचं. इथले शेतकरी अखात्रीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पहाटेचा वारा आणि होळीच्या ज्वाळा कुठे झुकतात ते बघून वर्षाचा अंदाज बांधतात, टिटवीने अंडी कुठे घातली तेही बघतात. आपल्याकडे भेंडवळची घटमांडणी असते तसंच. ऐकायला मला आवडतं. पण त्यावर गहू भिजत घालत नाही.

पत्रक कसं वाचायचं

गुजरातसाठी अहमदाबादचं हवामान केंद्र रोज जिल्हावार अंदाज देतं. ‘मौसम’ ॲपवर आणि खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात चार गोष्टी बघायच्या.

रंग: हिरवा म्हणजे काही इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. रंग जिल्ह्याला असतो, तुमच्या गल्लीला नाही. डभोईला ढगफुटीसारखा पाऊस आणि दांडिया बाजारात ऊन, असं झालं तरी अंदाज बरोबरच ठरतो.

दुसरं, जागेचे शब्द. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत, ‘बहुतांश ठिकाणी’ म्हणजे जवळपास सगळीकडे. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ वाचून मी मसाल्याच्या मिरच्या झाकते, बायकांना सुट्टी देत नाही. ‘बहुतांश ठिकाणी’ आलं की देते.

तिसरं, पावसाचं माप. खातं मिलिमीटरमध्ये बोलतं, इथले गुजराती पेपर इंचांत. २५.४ मिलिमीटरचा एक इंच. खात्याच्या भाषेत ‘जोरदार’ पाऊस ६४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो, म्हणजे अडीच इंच. ‘अतिजोरदार’ ११५.६ पासून, साडेचार इंच. ‘अत्यंत जोरदार’ २०४.५ पासून, आठ इंच. हे तीन आकडे स्वयंपाकघरात चिकटवून ठेवा. अडीच इंचांत आमच्या रस्त्यावर घोटाभर पाणी येतं आणि तासा-दोन तासांत जातं. आठ इंचांना मात्र गाडी उंचावर न्यावी लागते.

चौथं म्हणजे वेळ. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. राज्याच्या आपत्ती कक्षाचे तालुकावार आकडे सकाळी सहापासूनचे. म्हणून एकाच पावसाचे दोन वेगळे आकडे दिसले तर भांडू नका, दोन्ही खरे असू शकतात.

आणि फोनवरचे ते ४० टक्के. दिवसाचा ४० टक्के वेळ किंवा शहराचा ४० टक्के भाग, असा त्याचा अर्थ नव्हे. अशी हवा दहा वेळा जुळून आली तर त्यांतल्या चार वेळा तुमच्या ठिकाणी पाऊस होतो, एवढंच तो आकडा सांगतो. किती होईल याबद्दल त्यात अवाक्षर नाही. दोन थेंब पडले तरी पाऊसच.

किती दिवस पुढचं मानायचं? तीन दिवसांपर्यंत मी धंदा त्यावर चालवते. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत नुसता कल बघते, ओलं की कोरडं. दहाव्या दिवसाच्या ढगाचं चित्र बघून लग्नाचा हॉल बदलणाऱ्यांना मी काही सांगत नाही. ‘विंडी’वर एक सोपी परीक्षा करता येते. युरोपीय मॉडेल आणि अमेरिकन जीएफएस, ही अंदाज काढणारी दोन संगणकी गणितं, आलटून पालटून उघडा. दोघं एकच सांगत असतील तर विश्वास ठेवा. एक तीन इंच म्हणतोय आणि दुसरा कोरडं म्हणतोय, तर अजून कोणालाच ठाऊक नाही असं समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. २०२५ पासून आपल्या खात्याची सहा किलोमीटर जाळीची, म्हणजे सहा-सहा किलोमीटरचे चौकोन पाडून अंदाज काढणारी, भारत फोरकास्ट सिस्टिम सुरू झाली आहे, आधी हीच जाळी बारा किलोमीटरची होती. जाळी जितकी बारीक, तितका जवळचा अंदाज.

इंदूरच्या नणंदबाई आणि पावागढचं पाणी

बडोद्याचा मोठा पाऊस बहुतेक वेळा आपल्या समुद्राचा एकट्याचा नसतो. बंगालच्या उपसागरात ओडिशाजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, छत्तीसगड, मध्य प्रदेश ओलांडत पश्चिमेकडे सरकतं आणि तीन-चार-पाच दिवसांनी आपल्या दाराशी येतं. तोवर त्यात अरबी समुद्राची वाफही ओढली जाते. अशा क्षेत्राचा सगळ्यात जोरदार पाऊस सहसा त्याच्या केंद्राच्या नैऋत्येला पडतो. म्हणजे केंद्र रतलाम-बांसवाड्याच्या बाजूला आहे असं पत्रकात वाचलंत की आपण त्याच्या नेमक्या वाईट कोपऱ्यात आहोत.

माझ्या नणंदबाई इंदूरला असतात. जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा ‘काल रात्रभर धो धो, राजवाड्यापाशी पाणी’ असा फोन आला की मी पुढचे दोन दिवस मोकळे ठेवते आणि पत्रक उघडते. उलट मान्सूनचा आस, म्हणजे कमी दाबाचा लांबलचक पट्टा, हिमालयाच्या पायथ्याशी गेला असं वाचलं तर आपल्याकडे उघडीप. नुसते करडे ढग आणि भुरभुर, आठ-आठ दिवस. तेव्हा अगाशीवर जायचं नाही, पण पुराची भीतीही नाही.

आता विश्वामित्री. नव्याने आलेल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात घ्या, नदीचा पूर शहरातल्या पावसावर कमी आणि पावागढ-हालोल-वाघोडियाच्या पावसावर जास्त ठरतो. नदी पावागढच्या डोंगरातून येते. वाटेत सयाजीराव महाराजांनी बांधलेलं आजवा सरोवर आहे, ते भरलं की जादा पाणी याच नदीत उतरतं. पुढे ती ढाढरला मिळते आणि ढाढर आखाताला. ढाढरच फुगलेली असेल तर विश्वामित्रीला पुढे जायला वाट राहत नाही आणि पाणी शहरातच तुंबतं. म्हणून तीन आकडे रोज लिहून ठेवा: हालोल तालुक्याचा पाऊस, आजव्याची पातळी, आणि काळाघोडा पुलापाशी नदीची पातळी. काळाघोड्याला धोक्याची खूण २६ फुटांवर. आजवा २१४ फुटांकडे चाललं असेल आणि हालोलला चार इंच पडले असतील तर आपल्याकडे ऊन असलं तरी तळमजल्यावरचं सामान उचला. पाणी काही तासांनी येतं, पण येतं.

३१ जुलै २०१९ ला एका दिवसात शहरातच ४०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला. तो शहरावरचा पाऊस, रस्त्यांतून उभा राहिलेला. ऑगस्ट २०२४ चा पूर वेगळ्या जातीचा. जन्माष्टमीला, २६ तारखेला, मध्य प्रदेश-राजस्थानकडून आलेलं डीप डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या एक पायरी खालचं कमी दाबाचं क्षेत्र, गुजरातवर होतं, वरच्या भागातही तुफान पाऊस. नंतर इथला जोर ओसरला तरी नदी उतरेना. काळाघोड्याला ३५ फुटांच्या वर गेली. सयाजीगंज, फतेहगंज, समा, अकोटा, वडसर इथल्या लोकांना दिवसच्या दिवस पहिल्या मजल्यावर काढावे लागले. तेच डिप्रेशन कच्छवरून समुद्रात गेलं आणि ३० ऑगस्टला त्याचं ‘असना’ नावाचं चक्रीवादळ झालं. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात वादळ ही १९७६ नंतरची पहिलीच वेळ. त्यानंतर २०२५ मध्ये नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं मोठं काम झालं. त्यामुळे जुने ठोकताळे, इतके फूट झाले की अमुक सोसायटीत पाणी, पुन्हा तपासून घ्या.

पुराच्या पाण्यात पाय घालू नका, हे सांगायला लाज वाटत नाही. विश्वामित्रीत मगरी आहेत, भरपूर आहेत, आणि पाणी वस्तीत आलं की त्याही येतात. पाणी ओसरल्यावर तळघर, बागेतली झुडपं, गाडीखालची जागा आधी काठीने बघा. मगर दिसली तर वनखात्याला किंवा प्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन करा, व्हिडिओ नंतर.

वावाझोडं

वावाझोडं म्हणजे इथल्या भाषेत वादळ. चक्रीवादळाच्या बातम्या मे-जूनमध्ये आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते दीव-उन्यापाशी किनाऱ्यावर आलं आणि सौराष्ट्रातून उत्तरेकडे गेलं. आपण बाजूला असूनही दुसऱ्या दिवशी वारा-पावसाने झोडपलो. बिपरजॉय १५ जून २०२३ ला कच्छमध्ये जखाऊपाशी आलं, पण पहिले कित्येक दिवस त्याची वाट ठरत नव्हती. खात्याच्या नकाशावर वादळाच्या मार्गाभोवती पंख्यासारखा पसरत जाणारा पट्टा असतो. मधली रेघ बघू नका, पट्ट्याच्या आत आपण आहोत का ते बघा. आत असलो तर अगाशीवरचे पत्रे, कुंड्या, सोलरच्या कड्या बांधून घ्या. बाहेर असलो तरी दमट हवा आणि एक-दोन दिवसांचा पाऊस धरून चाला.

गरबा, मग थंडी

मान्सूनची माघार पश्चिम राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला सुरू होते आणि सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्याकडून तो जातो. नवरात्र लवकर आलं की नेमकं या माघारीत सापडतं. तेव्हाचा पाऊस दुपारी तापून संध्याकाळी गडगडाटासह येणारा, सकाळच्या आभाळावरून काही कळत नाही. गरब्याला निघताना पाचनंतरचा तीन तासांचा ताजा इशारा बघा. मैदानावर चिखल असेल तर चनिया चोळीखाली जुन्या चपला. ऑक्टोबरमध्ये मग पुन्हा वायव्येचा कोरडा वारा येतो. आभाळ इतकं स्वच्छ होतं की उंच इमारतीवरून पावागढ दिसतो.

थंडी समजायला उत्तरेकडच्या बातम्या वाचाव्या लागतात. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची लाट, काश्मीर-हिमाचलवरून जातो, तेव्हा आपल्याकडे ढग येतात आणि रात्र उलट उबदार होते. लोक म्हणतात, गेली थंडी. विक्षोभ पुढे सरकला, आभाळ मोकळं झालं, वारा उत्तरेचा झाला की एक-दोन रात्रींत पारा चार-पाच डिग्री उतरतो. म्हणजे काश्मिरात बर्फ पडल्याची बातमी आली की लगेच नाही, दोन-तीन दिवसांनी रजया काढायच्या. विक्षोभाला अरबी समुद्राची दमट हवा भेटली तर मावठं, म्हणजे अवकाळी पाऊस. २६ नोव्हेंबर २०२३ ला असंच झालं, गारा पडल्या आणि गुजरातभर विजांनी वीसहून जास्त माणसं गेली. हिवाळ्यातल्या ढगांना हलकं घेऊ नये ते यासाठी.

उत्तरायणाच्या वाऱ्याचा अंदाज तर इथे लग्नाच्या मुहूर्तासारखा चर्चिला जातो. १४ जानेवारीला वाऱ्याचा ताशी वेग बघा आणि झोतांचा आकडा वेगळा बघा. सरासरी ८ ते १५ किलोमीटर असेल तर पतंग आपोआप चढतो, ५ च्या खाली नुसते ठुमके मारून हात दुखतात, आणि झोत ३० च्या वर असतील तर कणे मोडतात. पहाटे वारा पडलेलाच असतो. ऊन चढून जमिनीजवळची हवा वरच्या हवेत मिसळली की नऊ-दहाला तो खाली उतरतो, आणि सूर्य मावळताना पुन्हा पडतो. तेव्हा मुलांना सहाला उठवून अगाशीवर पाठवू नका, तिळगूळ आणि उंधियूचं काम करून घ्या.

त्याच पडलेल्या वाऱ्याची दुसरी बाजू म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या सकाळचा वास. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन बसते, वर उबदार थर झाकणासारखा असतो, आणि धूर, रसायनांचा वास खालीच अडकतो. शहराच्या वायव्येला कारखान्यांचा पट्टा आहे, वारा तिकडून आणि मंद असेल तर तो वास कारेलीबागपर्यंतसुद्धा येतो. दमा असलेल्यांनी पहाटे कमाटीबागेत फिरायला जाण्याऐवजी नऊनंतर जावं. खिडक्याही त्याच वेळी उघडाव्यात, आणि वाळत घातलेल्या बाळाच्या दुपट्यांना रात्रभर बाहेर ठेवू नये.